वेग राहतो कुठे?

17 सप्टेंबर 2025. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडच्या नव्याकोऱ्या स्टेशनातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता 1995-96 साली. म्हणजे मंजुरीच्या वेळी जी बाळं पाळण्यात होती, त्यांतल्या कित्येकांची मुलं आज शाळेत असतील! सप्टेंबर 2022 मध्ये गाडी न्यू आष्टीपर्यंत आली, मग अंमळनेरपर्यंत, आणि शेवटी बीडला पोचली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला परळी वैजनाथचं जुनं जंक्शन आहेच. आता मधला पट्टा जोडायचा आहे.

गाडी आली आणि पाठोपाठ, बीडच्या मुलांनो, तुमचा प्रश्नही आला: "मग बुलेट ट्रेन कधी?"

खरं सांगते. सध्या जिचं बांधकाम चालू आहे, ती देशातली एकमेव बुलेट ट्रेन मुंबई ते अहमदाबाद अशी 508 किलोमीटर धावणार आहे. तिची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 ला झाली. महाराष्ट्रात तिची चार स्टेशनं आहेत: मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. ती बीडला येणार नाही. तिला तुमच्या रुळावर आणून उभं केलं, तरी ती त्यावर बसणारच नाही. बीडच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर आहे आणि बुलेट ट्रेनचं 1435.

पण त्या गाडीची विद्या बीडला येऊ शकते. आज संध्याकाळीच येऊ शकते, घरातल्या मोबाइलवर. केजमध्ये, गेवराईत, शिरूर कासारमध्ये, धारूरच्या घाटाखाली, जिथं जिथं रेंज पोचते तिथं तिथं. आणि ही विद्या शिकायला लागलात की पहिलाच धक्का असा बसतो, की वेग इंजिनात राहतच नाही. ताकदवान मोटर बनवणं हा त्यातला सोपा भाग. वेग राहतो तो वाटेत. रुळाच्या वळणात, वरच्या तारेत, ब्रेकच्या हिशोबात आणि अगदी जमिनीच्या पोटातसुद्धा.

चला, एकेक बघू. वही-पेन्सिल घ्या, कारण आज गणितं करायची आहेत. घाबरू नका. गुणाकार-भागाकार येत असले तरी पुरे.

जगभरातल्या रेल्वे संस्थांचा जो संघ आहे, त्याच्या हिशोबात नव्या बांधलेल्या मार्गावर ताशी 250 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं गाडी धावली, तर तो अतिवेगवान मार्ग. आपली बुलेट ट्रेन ताशी 320 किलोमीटरनं धावायची आहे. 320 ला 3.6 नं भागा. आलं 88.9? म्हणजे एका सेकंदात जवळजवळ 89 मीटर. तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत गाडी पंचवीस मीटरच्या पुढं गेलेली असते.

आता ही गाडी वळणावर आणू या. एसटी वळणावर जोरात वळली की आपण खिडकीकडं ढकलले जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. विशेषतः मांजरसुंब्याचा घाट बसनं उतरला असाल तर नक्कीच. ही ढकल किती, ते काढायची रीत साधी आहे: वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला वळणाच्या त्रिज्येनं भागायचं. वेग मीटर प्रतिसेकंदात, त्रिज्या मीटरमध्ये.

आपल्या रेल्वेत 'दोन अंशांचं वळण' म्हणतात, त्याची त्रिज्या 875 मीटर असते. नेहमीच्या मार्गांवर असली वळणं भरपूर. ताशी 80 नं जाणारी गाडी सेकंदाला 22.2 मीटर जाते. 22.2 चा वर्ग 493. भागिले 875. उत्तर आलं 0.56. पृथ्वी आपल्याला खाली ओढते ते 9.8 नं. त्यापुढं 0.56 म्हणजे काहीच नाही, हातातला चहासुद्धा सांडायचा नाही.

आता त्याच वळणावर 320 वाली गाडी घाला. 88.9 चा वर्ग 7900 च्या आसपास. भागिले 875. उत्तर 9 च्या थोडं वर!

हे उत्तर पुन्हा वाचा. पृथ्वी खाली ओढते 9.8 नं आणि वळण बाजूला ढकलतंय 9 नं. तीस किलो वजनाच्या मुलाला जवळपास अठ्ठावीस किलोचा रेटा बाजूनं बसेल. गाडी रुळावर राहणारच नाही, उलटेल. मोटर कितीही जोरदार असो, त्या वळणावर तिचा काही उपयोग नाही.

म्हणून जपान्यांनी काय केलं? वळणंच मोठी केली. 1 ऑक्टोबर 1964 ला टोकियो ते ओसाका ही जगातली पहिली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली. तेव्हा तिचा वेग होता ताशी 210. त्या मार्गावर मोकळ्या पट्ट्यातल्या वळणांची त्रिज्या ठेवली होती 2500 मीटर. पुढं सान्यो नावाचा मार्ग बांधला तेव्हा ती 4000 मीटर केली, कारण तोवर त्यांना कळून चुकलं होतं की गाड्या बदलता येतात, पण वळणं एकदा बांधली की बदलत नाहीत. जुन्या टोकियो–ओसाका मार्गावर आजही गाडी 285 च्या वर जात नाही. गाडीची ताकद अपुरी आहे म्हणून नव्हे, तर 1964 ची वळणं तशीच आहेत म्हणून. तिथल्या एन700 मालिकेच्या गाड्या वळणावर स्वतःला आतल्या बाजूला एक अंश कलवतात. एवढ्याशा एका अंशासाठी त्या अभियंत्यांनी केवढी खटपट केली असेल!

4000 मीटरचं गणित तुम्ही करा. 7900 भागिले 4000. साधारण 2 आलं, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा पाचवा हिस्सा. तोही कमी करायला वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच बसवतात. रेल्वेवाले त्याला कँट म्हणतात. जपानच्या या मार्गांवर तो 180-200 मिलिमीटरपर्यंत असतो. वीतभर समजा. मग प्रवाशाला वळण जाणवतसुद्धा नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. वळणाची त्रिज्या मोजायची कशी? चार किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा मध्य कुठंतरी दूर, कुणाच्या तरी तुरीच्या रानात असणार! तिथं जाऊन टेप धरायची? नाही. रूळ सांभाळणारी माणसं फार सुंदर युक्ती करतात. वीस मीटर लांबीची दोरी घेतात. तिची दोन्ही टोकं रुळाच्या आतल्या कडेला टेकवून ताणून धरतात. दोरी सरळ, रूळ वाकलेला. मग बरोबर मध्यभागी, म्हणजे दहा मीटरवर, दोरी आणि रूळ यांच्यात किती फट पडली ते पट्टीनं मोजतात. झालं! 875 मीटरचं वळण असेल तर फट पडते 57 मिलिमीटर. 4000 मीटरचं असेल तर फक्त साडेबारा मिलिमीटर, आपल्या करंगळीच्या जाडीएवढी. वीस मीटरच्या दोरीपुढं करंगळीएवढी फट, आणि त्या फटीवर शेकडो माणसांचा जीव. काही मिलिमीटर इकडचे तिकडं झाले, तरी त्या वेगात गाडी हिसका देते.

दोरी म्हणजे जीवा, मधली फट म्हणजे शर. हे गणित रेल्वेनं शोधलेलं नाही बरं का. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ते आहे आणि 'लीलावती' 1150 सालची आहे. नियम असा: अर्ध्या जीवेचा वर्ग करा, शरानं भागा, त्यात शर मिळवा. वर्तुळाचा व्यास मिळाला. आपण सह्याद्रीजवळच्या विज्जडविड गावचे, असं भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय. ते गाव आज नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्या चर्चेत बीडचंही नाव घेतलं जातं. म्हणून हा नियम बीडच्या मुलांनी वापरलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कसा वापरायचा? रुळावर जाऊन नाही. रुळावर कधीही जायचं नाही. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा. त्यात अंतर मोजायची सोय असते. रेल्वेचं एक लांब वळण शोधा. वळणावरचे दोन बिंदू निवडा आणि त्यांच्यात सरळ रेघ मारा. समजा रेघ 1000 मीटर भरली. रेघेच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते 157 मीटर आलं. अर्धी जीवा 500, वर्ग 2,50,000. भागिले 157, आले 1592. अधिक 157, झाले 1749. हा व्यास. निम्मा केला की त्रिज्या 875 च्या जवळ. सापडलं दोन अंशांचं वळण! आणि अंतर फक्त 31 मीटर आलं तर? करून बघा. उत्तर चार किलोमीटरच्या आसपास येईल. तसं वळण जपानच्या नकाशावर, ओसाकाच्या पश्चिमेला शोधा. गुजरातेत वापी, सुरत, भडोच या बाजूला नव्या मार्गाचे खांबही उपग्रहाच्या चित्रात दिसतात. ते किती सरळ जातात बघा.

वाट सरळ ठेवायची म्हणजे मध्ये येईल ते ओलांडायचं. नदी आली तर पूल, गाव आलं तर उंच खांब, आणि मुंबईजवळ तर थेट बोगदा. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा 21 किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यातले सुमारे 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वे गेली, तीही इथूनच, पण जमिनीवरून. त्याच ठाण्याच्या पाण्याखालून आता ही दुसरी.

वळणं जमली. गाडी पळाली. आता थांबवायची कशी?

वेग चौपट झाला तर गाडीत साठलेली ऊर्जा चौपट होत नाही, सोळापट होते. ती सगळी ऊर्जा कुठंतरी घालवल्याशिवाय गाडी थांबणार नाही. समजा ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग सेकंदाला एक मीटरनं कमी होतो. ताशी 80 नं चाललेली गाडी 22 सेकंदांत, अडीचशे मीटरमध्ये उभी राहील. 320 वाली गाडी थांबायला नव्वद सेकंद घेईल आणि तेवढ्यात चार किलोमीटर जाईल! बीडच्या स्टेशनवर थांबायचं तर ब्रेक आधीच्या गावातच लावायला हवा.

आता सांगा, चार किलोमीटर पुढचा सिग्नल चालकाला दिसेल का? धुक्यात? श्रावणातल्या झडीत? अशक्य. म्हणून या मार्गांवर चालक रुळाकडेच्या दिव्यांवर अवलंबून नसतो. किती वेगानं जायचं, हे त्याच्या समोरच्या फलकावर उमटतं. त्याहून वेग जास्त झाला तर यंत्रणा स्वतःच ब्रेक लावते. मार्गावर फाटकही नसतं, गुरंढोरं येऊ नयेत म्हणून दोन्हीकडं कुंपण असतं. 1964 पासून आजवर गाडी घसरून किंवा टक्कर होऊन शिंकान्सेनमधला एकही प्रवासी दगावलेला नाही. याचं श्रेय वेगापेक्षा थांबण्याच्या या बेताला आहे. आणि सोळापट ऊर्जेतला बराचसा भाग वायाही जात नाही. ब्रेक लागताना गाडीच्या मोटरी उलटं काम करून वीज बनवतात आणि ती वरच्या तारेत परत पाठवतात.

हो, ती तार! तिच्याबद्दल सांगायलाच हवं.

अंगणात कपडे वाळत घालायची दोरी असेल तर तिच्यापाशी जा. एका टोकाजवळ टिचकी मारा. एक छोटी लाट दोरीवरून सरसर पळत दुसऱ्या टोकाला जाईल. आता दोरी घट्ट ओढून बांधा आणि पुन्हा टिचकी मारा. लाट जास्त वेगानं पळाली ना? दोरी जितकी ताणलेली आणि जितकी हलकी, तितकी लाट वेगवान.

बुलेट ट्रेनच्या टपावर एक घडीचा हात असतो. तो वरच्या तांब्याच्या तारेला खालून घासत वीज घेतो. घासताना तार किंचित वर उचलली जाते आणि तारेत लाट सुटते, अगदी तुमच्या दोरीतल्यासारखी. जोवर लाट गाडीच्या पुढं पळते, तोवर सगळं ठीक. पण गाडी लाटेच्या वेगाजवळ पोचली तर लाट पुढं निघूनच जात नाही, हाताच्या पुढ्यात साचत राहते. तार जोरानं वर ढकलली जाते, हात आणि तार यांची फारकत होते, ठिणग्या उडतात, वीज तुटते. म्हणून अभियंते गाडीचा वेग लाटेच्या वेगाच्या साधारण 70 टक्क्यांच्या आत ठेवतात. गाडी वेगानं न्यायची असेल तर आधी तार ताणा! अतिवेगवान मार्गांवर त्या एका तारेला दोन-तीन टन वजन टांगावं एवढा ताण दिलेला असतो. 3 एप्रिल 2007 ला फ्रान्समध्ये टीजीव्ही गाडीनं रुळांवर ताशी 574.8 किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा त्या पट्ट्यातली तार मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त ताणली होती.

आणि उन्हानं तार लांबून सैल पडू नये म्हणून काय करतात ठाऊक आहे? विजेवर चालणाऱ्या कुठल्याही रेल्वेमार्गावर नीट बघा. काही खांबांना चकत्यांसारखी वजनं एकावर एक रचून टांगलेली दिसतील. उन्हात तार लांबली की वजनं थोडी खाली येतात, थंडीत तार आखडली की वर जातात. ताण मात्र तेवढाच राहतो. त्या वजनांना मोटर नाही, संगणक नाही, राखणदार नाही. पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना ती शोधाच.

ऊन तारेला छळतं तसं रुळालाही छळतं. आणि आपल्याकडं उन्हाचं काय विचारता! पोलादी रूळ एक किलोमीटर लांब असेल आणि त्याचं तापमान 30 अंशांनी वाढलं, तर तो मोकळा असल्यास 36 सेंटिमीटरनं लांबेल. पूर्वी म्हणून रुळांच्या जोडांत फट सोडत, आणि चाकं त्यावरून जाताना खडखट खडखट वाजत. ताशी 320 ला ती फट परवडत नाही. म्हणून रूळ एकमेकांना वितळवून जोडतात आणि खाली इतके घट्ट आवळतात की त्यांना लांबायला जागाच राहत नाही. तो सगळा जोर रूळ आतल्या आत सोसतो. आपल्या मार्गावर रुळाखाली जी काळ्या दगडाची खडी असते, तीही या नव्या मार्गावर नाही. तिथं काँक्रीटच्या लाद्या आहेत.

वाऱ्याचं प्रकरण मी थोडक्यात सांगते, कारण त्याची गोष्ट तुम्ही बहुधा ऐकली असेल. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला आठपट ताकद लागते. बोगद्यात गाडी शिरली की पुढची हवा दाबली जाते आणि दुसऱ्या तोंडातून स्फोटासारखा आवाज करत बाहेर पडते. जपानमध्ये आसपासचे लोक या आवाजानं वैतागले होते. एइजी नाकात्सू नावाच्या अभियंत्याला पक्षी बघायचा नाद होता. खंड्या पक्षी हवेतून पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडत नाही, हे त्यानं पाहिलं होतं. 1997 मध्ये धावू लागलेल्या 500 मालिकेच्या गाडीचं 15 मीटर लांब नाक खंड्याच्या चोचीच्या घडणीवरून केलं, आणि आवाज आटोक्यात आला. खंड्या तुम्हाला बिंदुसरेच्या काठी, माजलगावच्या धरणावर, मांजरा धरणाच्या पाण्यावर सहज दिसेल. तो सूर मारतो तेव्हा पाण्याकडं बघा, पक्ष्याकडं नको.

आता जमिनीच्या पोटातली गोष्ट. ही तुमच्या अगदी शेजारची आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात भूकंप झाला. हजारो माणसं गेली. हादरे मराठवाडाभर जाणवले. घरातल्या मोठ्या माणसांना ती पहाट आठवत असेल. भूकंपात जमिनीतून दोन प्रकारच्या लहरी निघतात, हे भूगोलाच्या पुस्तकात येतं. प्राथमिक लहरी वेगानं येतात, पण त्यांनी फारशी हानी होत नाही. दुय्यम लहरी मागून, सावकाश येतात आणि त्याच जास्त हलवतात. पहिल्या लहरी पकडल्या की दुसऱ्या पोचायच्या आत थोडा वेळ हातात मिळतो. शिंकान्सेनची यंत्रणा तो वेळ वापरते. भूकंपमापकाला पहिली लहर लागली की मार्गाची वीज आपोआप तुटते आणि वीज तुटली की गाडीचे ब्रेक लागतात. माणसानं काही करायची वाट बघितली जात नाही. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये महाभयंकर भूकंप झाला, तेव्हा प्रवासी घेऊन धावणारी एकही शिंकान्सेन रुळावरून घसरली नाही.

मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी असे 28 भूकंपमापक बसवायचं ठरलंय. त्यांतले 22 मार्गाच्या कडेनं आहेत. उरलेले सहा मार्गापासून दूर, जिथं पूर्वी भूकंप झाले आहेत अशा जागी: गुजरातेत आडेसर आणि जुनं भूज, आणि महाराष्ट्रात खेड, रत्नागिरी, पांगरी आणि लातूर. हो, आपलं लातूर! गाडी धावणार समुद्राच्या बाजूला आणि तिचा एक कान लावलेला असणार लातूरच्या मातीला.

याचंही गणित करू. किल्लारी ते मुंबई सरळ रेषेत साधारण 400 किलोमीटर. दुय्यम लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरला, तर त्यांना मुंबईला पोचायला 114 सेकंद लागतील. तारेतून गेलेला इशारा मात्र क्षणात पोचतो. आणि गाडीला थांबायला मघाशी आपण किती वेळ काढला होता? नव्वद सेकंद! म्हणजे लहर येण्याआधी गाडी उभी. इतक्या लांब येईपर्यंत लहरी बऱ्याच क्षीण झालेल्याही असतात. भूकंप जवळ झाला तर एवढा वेळ मिळणार नाही, पण तिथं एकेक सेकंद मोलाचा, कारण प्रत्येक सेकंदात वेग थोडा उतरलेला असतो.

हे सगळं शिकायचं कुठून? आपल्या देशात एनपीटीईएल आणि स्वयम् ही दोन मोठी ठिकाणं आहेत. आयआयटीसारख्या संस्थांतले प्राध्यापक रेल्वे अभियांत्रिकी, यंत्रं, वीज अशा विषयांवर शिकवतात आणि ती व्याख्यानं कुणालाही फुकट बघता येतात. पैसे लागतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच. व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत असतात. काहींची भाषांतरं भारतीय भाषांतही मिळतात. बुलेट ट्रेन बांधणारं राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळ बांधकामाचे व्हिडिओ टाकतं. त्यांत खांबावर अख्खा गाळा उचलून कसा ठेवतात, ते जरूर बघा.

पण एक सांगू? व्हिडिओ नुसता बघून काही येत नाही. पाच मिनिटं बघा, मग थांबवा. जे कळलं ते वहीत मराठीत लिहा, चित्र काढा. जो आकडा सांगितला तो स्वतः करून बघा. कळलं नाही तर मागं न्या, पुन्हा ऐका. वर्गात बाईंना दहादा विचारायला संकोच वाटतो, व्हिडिओ दहादा ऐकवतो. डेटा कमी असेल तर चौघं मिळून एकाच मोबाइलवर बघा. चौघांत एकाला तरी कळतंच आणि तो बाकीच्यांना सांगतो. विज्ञानाच्या किंवा गणिताच्या सरांना ही गणितं दाखवा. वर्तुळ, वर्ग, वेग, ऊर्जा, सगळं सातवी ते दहावीच्या पुस्तकांतलंच आहे. पुढं याच विषयात शिकायचं असेल तर वडोदऱ्याला गतिशक्ती विद्यापीठ आहे. 2022 पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे आणि तिथं वाहतूक हाच मुख्य विषय. बुलेट ट्रेनच्या कर्मचाऱ्यांची प्रशिक्षण संस्थाही वडोदऱ्यातच आहे.

आता कामाला लागा. अहिल्यानगर ते बीड या मार्गावरची तीन वळणं नकाशावर शोधा. जीवा वळणात मावेल तेवढीच घ्या, 300 मीटर का असेना, मात्र वळणाच्या मधल्या भागात घ्या, कारण रूळ दोन्ही टोकांना हळूहळू सरळ होत जातो. लीलावतीच्या नियमानं त्रिज्या काढा. मग वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या करून सांगा, तिथं ताशी 100 नं जाणाऱ्या गाडीत किती ढकल बसेल. जागा, जीवा, शर आणि उत्तर अशी चार घरं आखून आम्हाला पाठवा, आणि कुठं अडलात तेही लिहा. परळीच्या मुलांनी परभणीकडं जाणारा जुना मार्ग घ्यावा.